कचराकुंडीसाठी एक विशेषण

नॅस्टी हा इंग्रजी शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो माझ्याबद्दल. बालवाडी चालवायचं ट्रेनिंग घेत होते, तेव्हा आम्हाला शिकवायला पार्ल्याहून एक मिस यायच्या. पांढरी कॉटनची साडी, गळ्यात दोरीला चष्मा, मराठी बोलता बोलता मध्येच इंग्रजीत शिरायची सवय. एके दिवशी माझं नि बाजूच्या बाईचं कात्रीवरून वाजलं. कात्री माझी होती, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. मिसनी दोघींना गप्प केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यू हॅव अ नॅस्टी टेंपर, माय डिअर."

मी मराठी शाळेतली. डिअर कळलं, टेंपर म्हणजे राग हेही कळलं, मधला शब्द काही कळेना. आता समोरचा माणूस आपल्याला काय म्हणाला हेच कळलं नाही, तर चिडायचं तरी कसं? मी उभी राहिले आणि विचारलं, "मिस, नॅस्टी म्हणजे काय ते आधी सांगा. मग मी ठरवते, वाईट वाटून घ्यायचं की नाही ते." सगळा वर्ग खो खो हसला. मिसही हसल्या. आणि बाईंचा मोठेपणा असा, की त्यांनी चालू धडा बाजूला ठेवून मला तो शब्द शिकवला.

वास नॅस्टी असतो, म्हणाल्या. खोकला नॅस्टी असतो. जिन्यावरून पडून हात मोडला तर ते पडणंही नॅस्टी. शेजारीण टोचून बोलली तर तिचं बोलणं नॅस्टी, आणि रोजच तशी बोलत असेल तर शेजारीणच नॅस्टी. मी म्हटलं, "एवढ्या सगळ्याला एकच शब्द? आमच्याकडे खोबरं खवट होतं, गोधडी कुबट होते, भात करपतो, दूध नासतं, बोलणं झोंबतं आणि सासू खाष्ट असते. इंग्रजांना वेळ नव्हता वाटतं!" तर मिस म्हणाल्या, "शब्द एक आहे गं, पण त्याच्या आतली गोष्ट सगळीकडे सारखी आहे. बॅड गोष्ट तिच्या जागी पडून असते. नॅस्टी गोष्ट उठून तुझ्या अंगावर येते. तुझ्या रागासारखी." मी मुकाट्याने खाली बसले. ते मला पटलं होतं, आणि कात्रीही परत मिळाली होती.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे ह्याच शब्दावरून आमच्या वसाहतीत माझं भांडण झालं. वसाहत म्हणजे घाटकोपर पूर्वेच्या बैठ्या चाळी. निम्मी बिऱ्हाडं कोकणातली, पूर्वी गिरणीत असलेली आणि संपानंतर मिळेल त्या कामाला लागलेली. माझे वडील त्यातलेच. बाकीची घाटावरची, त्यांत बौद्ध कुटुंबं पुष्कळ, कुणी पोस्टात, कुणी रेल्वेत, कुणी रंगाऱ्याचं काम करणारं. वसाहतीच्या टोकाला मंडळाची एक खोली होती. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर तिथे मंडपाचे बांबू पडलेले असायचे. ट्रेनिंग संपवून आल्यावर त्या खोलीत मला बालवाडी काढू द्या म्हणून मी मंडळाच्या मागे लागले. मी मागे लागले की लोक कंटाळून हो म्हणतात. अध्यक्षांनी एकच अट घातली. "मुलं आहेत तोवर खोली तुझी. मुलं नाहीत, तर बांबू परत आत."

मुलं मी घरोघर फिरून आणली. भिंतीला चुना मीच लावला, त्यावर हत्ती, मासा, छत्री असं काय काय रंगवलं. हत्ती म्हशीसारखा झाला, पण मुलांना चालला. आई रोज सकाळी टोपभर खाऊ करून द्यायची, कधी सांजा, कधी चवळीची उसळ. आमच्या दहा बाय बाराच्या घरात कपडे अडकवायला माझा असा एक खिळाही नव्हता, आणि इथे आख्खी खोली माझी. सकाळी कुलूप उघडताना मला काय वाटायचं ते सांगता येणार नाही. राणीला तिच्या राज्यात जाताना वाटत असेल तसंच असावं.

आणि मग कचराकुंडी आली. नाक्यावर पाण्याचा पाइप टाकायला खोदकाम निघालं. तिथली ती सिमेंटची गोल कुंडी, माणसाच्या कमरेइतकी उंच, मधे यायला लागली म्हणून उचकटून आणली आणि बालवाडीच्या दारासमोर ठेवली. मुकादम म्हणाला, "चार दिवसांचा प्रश्न आहे ताई." रस्ता बुजला, डांबर पडलं, त्यावरून बसगाड्या धावायला लागल्या, कुंडी आपली तिथेच. शिवाय जागा मोकळी आणि आडबाजूची, म्हणून भाजीबाजाराचा कचराही तिच्यातच पडू लागला, आणि मासळीवाल्यांची खवलं-डोकीही.

सकाळी नुसता आंबूस वास यायचा. ऊन चढलं की कुजका व्हायचा. दुपारी बारानंतर जो यायचा त्याला मराठीतही शब्द नाही, आणि मराठीत वासांना शब्द किती आहेत ते मी आधी सांगितलंच आहे. माश्या तर विचारू नका. गाणं म्हणायला मुलांनी तोंड उघडलं की मला धाकधूक व्हायची. दार लावून घेतलं तर आत जीव गुदमरायचा, उघडलं तर वास यायचा.

मुलं गळायला लागली. आया मोठ्या गोड बोलायच्या. "जरा कणकण आहे हो बाई, पुढच्या आठवड्यात पाठवते." "गावाहून सासूबाई आल्यात, त्या सांभाळतात." एकीनेही तोंडावर सांगितलं नाही की तुमच्या दारात घाण आहे. सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. तिकडे अध्यक्ष येता-जाता दारातून डोकावून विचारायचे, "किती उरली गं?" आणि त्यांची नजर मुलांवर नसायची, भिंतींवर असायची. बांबू कुठे टेकवायचे, ते बघत असणार. मला रडू फुटायचं. दुःखाने नाही, संतापाने. माझ्या खोलीतून मला हाकलणार कोण, तर भोपळ्याच्या साली!

वसाहतीत इंग्रजी अर्ज लिहायचा तो काकांनी, असा रिवाज होता. काका म्हणजे आमच्या पलीकडच्या चाळीतले एक रिटायर हेडक्लार्क. बंडीवर बसले तरी पेन खिशाला लावल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून बंडीला खिसा शिवून घेतलेला. मी त्यांच्याकडे गेले. काकांनी पहिला अर्ज लिहिला, त्यात इनकन्व्हिनियन्स हा शब्द होता, म्हणजे गैरसोय. वॉर्ड ऑफिसने तो घेतला, शिक्का मारला, विषय संपला. दुसऱ्या अर्जात काकांनी अनप्लेझंट घातला. मग ऑब्जेक्शनेबल. हिवाळा लागला तेव्हा ते ऑब्नॉक्शस, म्हणजे अगदी किळसवाणं, इथवर पोचले होते. तो शब्द लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "याच्यावर आता इंग्रजीत काही नाही, मुली."

मी म्हटलं, "आहे. नॅस्टी लिहा."

काका असे दचकले, जसं काही मी त्यांच्या देवघरात चप्पल घालून गेले. "नॅस्टी? तो काय अर्जात लिहायचा शब्द आहे? तो पोराटोरांचा, आयाबायांचा. बोलण्यातला. अर्जात भाषा कशी हवी? भारदस्त."

"काका, भारदस्त शब्दाला वास येतो का? साहेबांनी ऑब्नॉक्शस वाचलं, त्यांचं नाक हललं का?"

"ते त्यांच्या नाकाचं मला काय विचारतेस! हे सरकारी कागद असतात. विशेषण चुकलं की अर्ज फाईलबंद होतो."

"आणि बरोबर असलं की?"

बरोबर विशेषणांचे सगळे अर्जही फाईलबंदच झाले होते. पण माणूस हट्टी. ऑब्नॉक्शस गेला तो गेलाच. त्याचं उत्तर मात्र आलं, विषय विचाराधीन आहे असं. काकांनी ते उत्तर वसाहतभर दाखवलं, निदान उत्तर आलं म्हणून. मी घरी जाऊन भांडी आपटली.

मग मी स्वतः वॉर्ड ऑफिसला गेले. काउंटरवरचा क्लार्क फार शांत. म्हणाला, "मॅडम, मुंबईत वास कुठे नाही?" मी त्याला म्हटलं, "माझ्यासोबत चल, दाखवते कुठे आहे तो." तो हसला नि चहा प्यायला निघून गेला. साहेबांची केबिन समोर होती, पण साहेब राउंडला. कुठल्या राउंडला कोण जाणे, आमच्याकडे तर कधी आले नव्हते. परत येताना मी ठरवलं, आता अर्ज बास. नाकाला विशेषण लागत नाही. साहेबांचं नाक आणून त्या कुंडीसमोर उभं करायचं. कसं? तर मान देऊन. आपल्याकडे साहेबाला अर्जाने बोलावलं तर तो येत नाही, हार-नारळाने बोलावलं तर येतो.

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन जवळ आलं होतं. मंडळाच्या मीटिंगमध्ये मी उठून सांगितलं की ह्या वर्षी झेंडावंदन बालवाडीसमोर करूया, पुढे मुलांची गाणी आणि बक्षिसं ठेवूया, आणि प्रमुख पाहुणे म्हणून वॉर्ड ऑफिसच्या साहेबांना बोलवूया. दरवर्षी येणारे पुढारी दोन तास उशिरा यायचे, म्हणून सगळ्यांना कल्पना झकास वाटली. अध्यक्ष म्हणाले, "चालेल. पण ध्यानात ठेव, शाळेत पोरं उरलीत मोजून मूठभर. हा कार्यक्रम झाला की खोलीचं बघू." म्हणजे हाच शेवटचा डाव. साहेबांनी यायचं कबूल केलं, आणि मी मनात त्यांची खुर्चीसुद्धा मांडून ठेवली, कुंडीपासून चार हातांवर, वाऱ्याच्या तोंडाला.

सव्वीसला सकाळी आंघोळ करून, नवी साडी नेसून बालवाडीकडे आले तर समोर काय बघते! कुंडी रिकामी. धुतलेली. बाहेरून तिला पांढरा चुना मारलेला, वर गेरूची रेघ. चहूबाजूंनी फिनेल शिंपडलेलं. भोवती रांगोळी, आणि वर झेंडूचं तोरण. कडेला मातीच्या ढेकळात उदबत्त्यांचा पुडा पेटवून खोचलेला. वसाहतीतल्या सगळ्या बाया कंबर कसून उभ्या, आणि त्यांच्या पुढे माझी आई, हातात खराटा. बाजारातल्या लोकांनाही ह्या बायांनी आदल्या संध्याकाळीच दम दिला होता, उद्या इथे देठ टाकलात तर याद राखा म्हणून.

"आई! हे काय केलंस?"

"काय केलंय? साफ केलंय." आई म्हणाली. आणि चिडली की ती मालवणीतच बोलते. "अगो, झेंड्याच्या फुड्यात घाण ठेवतत काय खय? पावणो येतलो, तेका नाक धरूक लावतलंस?"

मला सांगा, ह्याला काय करायचं? महिनोन् महिने ज्या घाणीने ह्यांचीच पोरं आजारी पडली, तिला एक दिवस हात लावला नाही, कारण ते आपलं काम नाही. आणि पाहुणा येणार म्हटल्यावर रातोरात कुंडीचं तुळशीवृंदावन केलं! मी सगळ्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मिसनी ऐकलं असतं तर त्यांनी नॅस्टीच्याही पुढचा शब्द काढला असता. समोरच्या चाळीतल्या बौद्ध वहिनी, पांढरी साडी नेसून झेंड्यासाठी फुलं घेऊन आलेल्या, मला म्हणाल्या, "अगं, पण दिसतंय किती छान!" दिसत होतं छान. तिथेच तर वाट लागली होती. तेवढ्यात साहेबांची जीप वळली.

साहेब तसे मध्यमवयाचे, साधे होते, खाली उतरून आधी त्यांनी झेंड्याला नीट सलाम केला. मुलांनी गाणं म्हटलं. काकांनी इंग्रजीतून स्वागत केलं. मग साहेब भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "मी खूप वसाहती पाहतो. पण कचराकुंडीलासुद्धा तोरण बांधणारे नागरिक मी आजच पाहिले. स्वच्छतेचा हा आदर्श आहे." आणि टाळ्या! सगळ्यांनी वाजवल्या. काकांनी वाजवल्या, अध्यक्षांनी वाजवल्या, आईने खराटा काखेत मारून वाजवल्या. मी तेवढी हात बांधून उभी. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी वर झेंड्याकडे बघत होते. खोली गेली, एवढं एकच मनात. आता उद्या मी तक्रार केली तर साहेब म्हणणार, कसली घाण, मी स्वतः येऊन पाहिलंय.

बक्षिसं झाली. मुलांना अंगणात एका ओळीत बसवलं आणि आईने कागदी डिशमधून शिरा वाढला. तुपातला, केळं घातलेला. साहेबांच्याही हातात डिश दिली, आणि ते चमचा घेऊन कौतुकाने मुलांसमोर उभे राहिले. "चला, सुरू करा," मी म्हटलं.

आणि सगळ्या मुलांनी डाव्या हाताने नाक धरलं, आणि उजव्या हाताने शिरा खायला सुरुवात केली.

सगळ्यांनी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी सांगितलं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. एक घास, मग नाक न सोडताच तोंडाने श्वास, परत दुसरा घास. मी हे शिकवलेलं नव्हतं. ते रोज असंच खात होते, आणि रोज बघून बघून मला ते दिसायचंच बंद झालं होतं. त्या दिवशी साहेबांच्या बाजूला उभं राहून बघितलं तेव्हा ते दिसलं.

साहेब आधी हसले. त्यांना वाटलं, हा काही खेळ आहे. समोर दोन वेण्यांची एक चिमुरडी होती, तिच्यापाशी वाकून त्यांनी विचारलं, "काय गं, वास येतोय का?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. येत नव्हताच. फिनेल होतं, उदबत्ती होती, वरून साजूक तूप.

"मग नाक का धरलंस?"

तिने त्यांच्याकडे असं बघितलं, की एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळत नाही? म्हणाली, "खाताना धरायचं असतं." आणि त्यांच्या हातातल्या डिशकडे बघून तिने त्यांनाही शिकवलं, "तुम्ही पण धरा. डाव्या हाताने."

साहेबांचा चमचा तिथेच राहिला. ते सरळ झाले, ओळीवरून एकदा नजर फिरवली, मग वळून कुंडीकडे बघितलं. तोरण, रांगोळी, गेरूची रेघ, सगळं बघितलं. आणि मग ते हळूच, कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच म्हणाले, "नॅस्टी. व्हेरी नॅस्टी."

मी काकांकडे बघितलं. काका साहेबांच्या शेजारीच होते, नारळ धरून. त्यांनी मान खाली घातली.

आणि मी बोलले. आई मला कोपर मारत होती, पाहुण्यांसमोर नको, पाहुण्यांसमोर नको म्हणून, पण मी थांबले नाही. कुंडी कधी आली, चार दिवस म्हणून कशी आली, बाजार कसा येऊन पडतो, किती अर्ज गेले आणि कुठले कुठले शब्द घालून गेले, मुलं कशी गळाली, आज रातोरात ही नवरीसारखी का नटली, आणि उद्यापासून परत काय होणार आहे. अध्यक्षांसमोरच सांगितलं, ही मुलं गेली की माझी खोली जाते म्हणून. साहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "अर्ज कुणी लिहिले होते?" काका दबकत म्हणाले, "मी." साहेब म्हणाले, "मी वाचलेत. भाषा उत्तम होती." खरं सांगते, मला काकांची कीव आली.

मग त्यांनी जीपमधून मुकादमाला बोलावलं, सगळ्यांच्या देखत. "उद्या सकाळी सातला मी इथे उभा असेन. ही इथे दिसता कामा नये. नाक्यावरची हिची जागा मोकळी आहे ना? मग?" आणि उरलेला शिरा त्यांनी उभ्या उभ्या, डिश पुसून खाल्ला. आईने तेवढंच बघितलं. "माणूस बरो आसा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले, सातच्या आधी. चार माणसांनी पहारी लावून कुंडी उचकटली, आडवी पाडली आणि रस्त्याने गडगडत न्यायला सुरुवात केली. वरचं तोरण काढायला कुणाला सुचलंच नाही, ते तसंच गोल फिरत चाललं होतं. आधी पोरं मागून निघाली. मग बाया. कुणीतरी थाळी वाजवली, कुणीतरी रस्त्यावर पाणी शिंपडलं, अंड्यांच्या गाडीवाल्याने सलाम ठोकला. ही मिरवणूक नाक्यापर्यंत गेली. मी सगळ्यांच्या पुढे होते. लाज कसली? जिंकलेल्या माणसाने पुढेच चालायचं असतं! तिकडे कुंडी तिच्या जुन्या जागी बसली तेव्हा सगळ्यांनी असा ओरडा केला की बसस्टॉपवरची माणसं पुढे येऊन बघायला लागली.

येताना काका माझ्यासोबत चालत होते. मग म्हणाले, "काल तिथे वास तर नव्हता. तरी साहेब नॅस्टी का म्हणाले?" हा प्रश्न मीही रात्रभर घोळवला होता. मी म्हटलं, "कुंडीला नाही म्हणाले काका. त्या डाव्या हाताला म्हणाले. ती घाण मुलांच्या अंगावर येऊन बसली होती, आपण वरून धुतली तरी." काकांनी मान डोलावली. घराशी आल्यावर म्हणाले, "ऑब्नॉक्शसमध्ये हे बसलं नसतं." त्यांच्यासारख्या माणसाने एवढं म्हणणं म्हणजे खूप झालं. मी त्यांच्या पाया पडले, आणि दोघेही उगीचच हसलो.

त्याच आठवड्यात आया परत यायला लागल्या, पोरांची बखोटी धरून, तोंड गोड करून. "ताप उतरला हो बाई." "सासूबाई गावी गेल्या." मी दारात कमरेवर हात ठेवून सांगायचे, "फुल्ल झालंय. बांबूंनी ॲडमिशन घेतलीय." त्या घाबरायच्या, मग मी पोराला आत ओढून घ्यायचे. अध्यक्षही आले एकदा. आत पाय ठेवायला जागा नव्हती. उंबऱ्यातून परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी एक सतरंजी पाठवून दिली.

नाकावरचा हात मात्र लगेच गेला नाही. वास गेला तरी मुलं धरायचीच. मी ओरडले नाही, हे माझ्याबाबतीत नवलच. वाट बघितली. एकेकाचा हात आपोआप खाली आला, त्या दोन वेण्यांच्या पोरीचा सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी आईने चवळीची उसळ दिली होती, वर हिंग-कढीपत्त्याची फोडणी, ओलं खोबरं. वाढताना माझं लक्ष तिच्याकडेच होतं. तिने एक घास नाक धरून खाल्ला. मग बाजूच्या पोराने तिला ढकललं आणि तिचा हात नाकावरून सुटला. ती तशीच थांबली. डिश लांब सरकवली आणि घाबऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, उसळीला वास येतोय."

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "येतो गं राणी. उसळीचा वास असाच असतो."

ती वाकली, डिशवर नाक नेऊन तिने एकदा हुंगलं. मग परत हुंगलं. आणि दोन्ही हातांनी डिश ओढून घेतली.